ट्रॅक्टरच्या चाकांस हवा भरण्याचें यंत्र

शेतांत ट्रॅक्टरच्या मागील चाकांत हवा बेताची असावी. चाक रुंद टेकतें व आमच्या जेऊर भागांतील काळी माती कमी दडपते. तोच ट्रॅक्टर उसानें भरलेली ट्रॉली घेऊन सडकेस लागला, कीं हवा वाढविली पाहिजे. नाहींतर टायरची बाजू तापून चिरते. याकरितां हवा भरण्याचें यंत्र बरोबर असावें.

तें घेतांना दाबाच्या मोठ्या आंकड्यास भुलूं नये. या टायरास दाब थोडा, पण हवा फार लागते. २०० लिटर पोकळीच्या टायरांत ७ पौंड दाब वाढविण्यास सुमारें १०० लिटर हवा लागते. म्हणून यंत्र मिनिटास किती लिटर हवा देतें व न तापतां किती वेळ चालतें, हें आधीं विचारावें. १२ व्होल्टचें यंत्र थेट बॅटरीस जोडावें. आपल्याच चाकांत हवा भरून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत, असें आम्ही सुचवितों.