हयातीचा दाखला

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की बँकांमध्ये निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’च्या सोयीने बोटाच्या ठशावर तो घरबसल्याही देता येतो. माणूस हयात आहे, एवढेच हा कागद सांगतो. त्याचे रोजचे कसे चालले आहे, हे ओळखण्याचे काम घरच्यांवर राहते. त्या कामी आपल्या भाषेने फारशी मदत केलेली नाही. ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’, ‘वय झालं, चालायचंच’ या शब्दांनी निरीक्षण सुरू होण्याआधीच निकाल लागतो.

वैद्यकशास्त्रालाही हे मोजायचे सुचले ते उशिराच. अमेरिकेतील सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये सहा क्रिया निवडल्या : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. आजारातून सावरताना या क्रिया साधारण ज्या क्रमाने परत येतात, तो मूल त्या शिकते त्या क्रमाशी जुळतो, असे त्यांना दिसले. म्हातारपणाला ‘दुसरे बालपण’ म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

पण या सहांपैकी एखादी क्रिया अडू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी, अधिक नाजूक यादी केली : फोन वापरणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, स्वतःची औषधे आणि पैशांचे व्यवहार. या यादीतली एक गंमत मला फार बोलकी वाटते. त्या काळच्या रीतीप्रमाणे पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे यांचे गुण दिलेच जात नसत; त्यांची परीक्षा पाचच विषयांची. आपल्या घरांत आजही चित्र फार वेगळे नाही. ज्याने आयुष्यात चहाचे आधण ठेवलेले नाही, त्याला ते जमेनासे झाले हे कळणार कसे? गोळ्या बायको हातावर ठेवते, चश्मा ती शोधून देते, पाहुण्याचे नाव ती हळूच पुरवते. ती गेली की चार महिन्यांत मुले म्हणतात, ‘आई गेल्यापासून बाबा खचले.’ खचले असतीलही. पण कित्येकदा बाबांची उणीव आधीपासूनच होती, आई ती झाकत होती.

बाईच्या बाबतीत खूण स्वयंपाकघरात आधी दिसते. पुरण शिजवून झाल्यावर कटाची आमटी करायची राहते, आमटीत मीठ दोनदा पडते, दूध वारंवार उतू जाते. एखाद्या दिवशीची चूक कोणाकडूनही होते. पाहायचे ते पूर्वीच्या सवयीशी तुलना करून. हिशेबाची वही काटेकोर ठेवणाऱ्याची वही कोरी राहिली तर ती खूण. ज्याने कधी हिशेबच ठेवला नाही, त्याच्या बाबतीत तिला अर्थ नाही. फोनवर यातले काही कळत नाही. ठरलेली चार वाक्ये ठणठणीत आवाजात बोलता येतात. दिवाळीला घरी आलेल्या मुलांनी म्हणूनच आवाजापेक्षा सैल झालेल्या बांगड्या, न भरलेले विजेचे बिल, पाकिटात शिल्लक राहिलेल्या गोळ्या आणि धनादेशावरची बदललेली सही पाहावी. चालताना भिंतीचा, खुर्चीच्या पाठीचा आधार शोधणारा हातही. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढला असे मानतात.

इथे एक फरक मात्र नीट ध्यानात घ्यायला हवा. विसराळूपणा महिनोन्महिने वाढत गेला तर ती एक गोष्ट. कालपर्यंत व्यवस्थित असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, दिवसा गुंगीत राहू लागला, तर ती अगदी वेगळी. मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, नवे औषध अशी कारणे त्यामागे असू शकतात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. हळूहळू आलेल्या विस्मरणामागेही कधी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य असते. कधी नुसते ऐकू येत नसते. ही कारणे उपचारांना दाद देऊ शकतात. ‘चालायचंच’ म्हणून जे सोडून दिले जाते, त्यात हीही सुटतात.

उरलेल्यांची संख्याही लहान नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक.

लवकर ओळखण्याला एक रोकडे कारणही आहे, ज्याबद्दल घरात बोलणे अशुभ मानतात. मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले, असा सर्वसाधारण समज. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी विकल झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी ठरतो. मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. खाते संयुक्त करणे, वारसाचे नाव लावणे, इच्छापत्र, कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे सगळे त्या माणसाला स्वतः ठरवता येते तेव्हाच व्हायला हवे. ‘तुम्हाला आता जमत नाही’ असे म्हटले तर कोणीही वडील माणूस वही मिटून घेईल. ‘बाबा, यंदाचा हिशेब आपण दोघं मिळून बघू,’ म्हटले तर बहुधा उघडेल.