आंब्याचा मोहोर आणि थंडीची रात्र

पौष-माघात परसातल्या आंब्याकडे नीट पाहा. एक फांदी तुऱ्यांनी लगडलेली असते, तर शेजारच्या फांदीवर नुसती तांबूस कोवळी पालवी! झाड एकच, माती एक, पाणीही एकच. मग असा भेद का?

याचे एक उत्तर पानांच्या वयात आहे. फांदीवरची पाने पुरेशी जून झालेली असतील आणि काही आठवडे रात्रीचे तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली राहिले, तर शेंड्याच्या डोळ्यातून मोहोर फुटतो. एरवी त्याच डोळ्यातून पालवी येते. थंडीची वर्दी पाने डोळ्याला पोचवतात. फुलोऱ्याचा असा संदेश पानांत तयार होत असावा, ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३७ साली मांडली होती.

आता प्रश्न भौतिकशास्त्राचा. आपल्या धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर, समुद्रापासून दूर आहे. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. २० अंश तापमानाची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ४०० वॅट उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. आकाशात ढग असतील, तर यातला मोठा भाग ते खाली परत पाठवतात. ढग म्हणजे जणू गोधडीच. निरभ्र, कोरड्या रात्री ही गोधडी नसते. म्हणून जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतची हवाही गार होते. ढगाळ हिवाळा मोहोराला का मानवत नाही, हे आता तुमच्या ध्यानात येईल. शिवाय दमट हवेत भुरी रोग बळावतो आणि पावसाने परागकण धुऊन जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा फळबागांची मोठी हानी झाली होती.

मोहोर आला म्हणजे आंबे आलेच, असे मात्र नाही. एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांवर फुले असतात. त्यांपैकी पुष्कळ फुले नर असतात. फळ धरते ते केवळ उभयलिंगी फुलांतून. फुलात पुंकेसर पाच दिसले, तरी परागकण देणारा बहुधा एकच. हे पराग वाहून नेण्याचे काम मुख्यतः निरनिराळ्या माश्या करतात. त्यातूनही धरलेल्या बाळकैऱ्या बहुसंख्येने गळतात. शंभर फुलांमागे एक आंबाही हाती लागत नाही! तुडतुड्यांसाठी औषध फवारायचेच असेल, तर ते ऐन फुलोऱ्यात फवारू नये, असे जाणकार सांगतात, ते याचसाठी. तुडतुड्यांबरोबर माश्याही मेल्या, तर फळ धरणार कसे?

हे सारे तुम्हाला स्वतः पडताळता येईल. दहा तुऱ्यांना रंगीत दोरे बांधा. प्रत्येकावरची फुले अंदाजाने मोजा. पुढे कैऱ्या वाटाण्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या झाल्या की मोजा आणि शेवटी उतरणीच्या वेळी पुन्हा मोजा. जोडीला रोज सूर्योदयापूर्वी एकाच जागी तापमापक वाचून आकाश निरभ्र होते की ढगाळ, याची नोंद ठेवा. वर्गातल्या चार-पाच जणांनी आपापल्या परसातल्या नोंदी एकत्र केल्या, तर मे महिन्यात आंबा चोखताना त्यामागचा हिशेबही तुमच्या वहीत तयार असेल.