भीतीला अस्वल कसं दिसतं? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले आणि थ्री फेज लाइन रात्रीची असली, की संग्रामपूर तालुक्यात सोनाळा-टुनकीकडचा शेतकरी बॅटरी घेऊन शेत गाठतो. पाठीशी सातपुडा आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडणारं अंबाबरवा अभयारण्य. तिथे अस्वल आहे, बिबट्या आहे, वाघही आहे. अशा रात्री धुऱ्यावरचं बोरीचं झुडूप अस्वल होऊन उभं राहतं आणि सकाळी गावात चेष्टा होते : भित्यापाठी ब्रह्मराक्षस! म्हण खोटी नाही, पण तिच्या आडून आपण जे निष्कर्ष काढतो त्यांतले बरेच चुकीचे असतात.

गैरसमज १ : डोळे आधी नीट पाहतात, भीती मागाहून वाटते.

वस्तुस्थिती : भीती पाहण्याच्या सुरुवातीपासूनच आत असते. न्यूयॉर्क विद्यापीठात एलिझाबेथ फेल्प्स, सॅम लिंग आणि मारिसा कॅरास्को यांनी २००६ मध्ये लोकांना क्षणभर भेदरलेला चेहरा दाखवला आणि लगेच अगदी फिकट पट्ट्या दाखवल्या. साध्या चेहऱ्यानंतर ज्या पट्ट्या नीट उमगत नव्हत्या, त्या भेदरलेल्या चेहऱ्यानंतर उमगू लागल्या. म्हणजे भावनेने नजरेच्या अगदी प्राथमिक कामातच हात घातला होता. त्यात अंधारात डोळ्यांकडून येणारी माहिती तुटपुंजी. उरलेलं चित्र मेंदू अनुभवातून आणि अपेक्षेतून पुरं करतो. आठवडाभर गावात अस्वलाचीच चर्चा असेल, तर तो कशाने पुरं करील हे उघड आहे.

गैरसमज २ : भीतीने नाक, कान, डोळे सरसकट तीक्ष्ण होतात.

वस्तुस्थिती : कधी तीक्ष्ण होतात, कधी उलट बोथट. अमेरिकेत वेन ली, जे गॉटफ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना दोन वास दिले. त्यांच्या रेणूंची रचना आरशातल्या प्रतिमेसारखी एकमेकींच्या उलट होती, पण नाकाला दोन्ही एकच वाटत. त्यांतल्या एका वासाबरोबर विजेचा सौम्य झटका दिला जाऊ लागला, तेव्हा तेच नाक दोन्हींतला फरक ओळखू लागलं.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेत रोनी पाझ यांच्या गटाला आवाजाच्या बाबतीत उलटं आढळलं. त्रासदायक अनुभवाशी जोडला गेलेला स्वर त्याच्या आसपासच्या स्वरांपासून वेगळा ओळखणं लोकांना अधिक अवघड जाऊ लागलं. पुढे २०१६ मध्ये याच गटाने चिंताविकाराच्या रुग्णांना काही स्वर ऐकवले. एका स्वराशी पैसे मिळणं आणि एकाशी पैसे जाणं जोडलेलं होतं. नंतर नवे स्वर ऐकवल्यावर ‘हा तोच’ अशी गल्लत या रुग्णांची इतरांपेक्षा जास्त झाली. एकदा रानडुक्कर अंगावर आलेल्या माणसाला तुरीतली प्रत्येक सळसळ डुकराचीच का वाटते, याचा धागा इथे सापडतो.

गैरसमज ३ : संकटात काळ मंदावतो आणि सगळं सावकाश, बारकाईने दिसतं.

वस्तुस्थिती : डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासायला लोकांना ३१ मीटर उंचीवरून मोकळं सोडलं, खाली जाळी होती. स्वतःचं पडणं किती वेळ चाललं, याचा लोकांचा अंदाज दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त निघाला. पण मनगटावरच्या यंत्रात झरझर बदलणारे आकडे कुणालाही एरवीपेक्षा वेगाने वाचता आले नाहीत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष असा, की नजरेचा वेग वाढत नाही. भीतीच्या क्षणाची आठवण दाट साठते, म्हणून तो क्षण मागाहून लांबलेला वाटतो.

गैरसमज ४ : मेंदूत भीतीचं एकच केंद्र आहे, ते म्हणजे अमिग्डाला.

वस्तुस्थिती : बदामाच्या आकाराचा हा भाग धोका ओळखण्यात महत्त्वाचा आहे, पण भीती तेवढ्यातच राहत नाही. एका दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेली ‘एस. एम.’ ही महिला सापाला, कोळ्याला घाबरत नसे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला आणि तशाच आणखी दोन रुग्णांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तिघींचीही भीतीने गाळण उडाली. अमिग्डालावरच्या संशोधनासाठी गाजलेले जोसेफ लडू हेसुद्धा त्याला ‘भीतीचं केंद्र’ म्हणू नये असं सांगतात.

गैरसमज ५ : भलतंच दिसलं म्हणजे मन कमकुवत.

वस्तुस्थिती : हा हिशेब आहे. झुडपाला अस्वल समजलं तर फार तर पळापळ होते आणि हसं होतं. अस्वलाला झुडूप समजलं तर जीव जातो. दोन्ही चुका टाळता येत नसतील, तेव्हा मेंदू स्वस्तातली चूक पत्करतो. जंगलाच्या कडेला हा हिशेब अगदी बरोबर आहे. तिथे धीर धरायचा उपदेश करण्यापेक्षा दिवसा वीज द्यावी, जोडीने जावं, बोलत-आवाज करत चालावं. अस्वल बहुधा अचानक समोरासमोर आलं तरच अंगावर येतं.

बिघाड होतो तो हा हिशेब जागा ओळखेनासा झाला की. भरदिवसा, घरात, आठवडेच्या आठवडे छाती धडधडते, साध्या आवाजाने दचकायला होतं, झोप उडते. तेव्हा ‘मनावर घेऊ नको’ म्हणून भागत नाही. कारण समोरच्याला आवाज खरोखरच तसा ऐकू येत असतो. यावर उपचार आहेत. त्यांतल्या एकात, ज्याची भीती वाटते त्याला सुरक्षित परिस्थितीत थोडं थोडं सामोरं जायला शिकवतात; त्यातून मेंदूला नवा अनुभव मिळतो आणि गल्लत कमी होते. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो, आणि मराठीत बोलता येतं.