मूठ उघडून पाहिल्याशिवाय तलवार घेऊ नका

दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीची ही गोष्ट. मी अमरावतीहून अकोल्याला थोरल्या भावाकडे गेलो होतो. आमच्या घरी त्या दिवशी अवजारांची पूजा होते. चौरंगावर माझी जुनी कानस आणि हातोडी, भावाचं खुरपं, वहिनींची विळी असा नेहमीचा सरंजाम होता, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच एक तलवार होती. काळं चकचकीत म्यान, किंचित वाकलेलं पातं, दोन्ही हातांनी धरायची लांब मूठ आणि मुठीवर काळ्या फितीची वीण. जपानी सामुराईंची असते ना, तशी. पुतण्यानं ती एका प्रदर्शनातून अडीच हजार रुपयांना आणली होती.

पूजा झाली. अंगणात कोहळा ठेवला. पुतण्यानं पहिला वार केला, कोहळा अर्धा चिरला. दुसरा वार करायला त्यानं तलवार उचलली आणि मूठ त्याच्या हातातच राहिली. पातं निघालं, ते थेट तुळशीवृंदावनाला जाऊन आपटलं. त्या जागी दोन क्षणांपूर्वी त्याची सहा वर्षांची मुलगी उभी होती. आजीनं प्रसादासाठी हाक मारली म्हणून ती आत गेली होती, एवढंच.

कोणी कोणाला काही बोललं नाही. थोड्या वेळानं पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हीच त पाह्यली होती न जी?" आणि ते खरं होतं. जुलैमध्ये त्यानं ती मला दाखवली होती. मी हातात घेतली, पात्यावर नख वाजवलं आणि "चांगली दिसते" म्हणालो. ज्यानं आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरच्या पोरांना शिकवलं, की जोड उघडून पाहिल्याशिवाय कामाला गुण द्यायचे नाहीत, त्या माणसानं मूठ न उघडता गुण देऊन टाकले होते. त्यानंतर मी या विषयाचा जो अभ्यास केला, तो आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

त्या संध्याकाळी मी मूठ फोडली. आत पात्याला जोडलेला होता करंगळीएवढा जाड एक आटे पाडलेला गज, आणि तोही वेल्डिंगनं चिकटवलेला. वेल्डिंगच्या जागीच तो तुटला होता. दोन फुटांहून लांब पात्याचा सगळा हिसका त्या एका ठिपक्यावर येत होता. अशा तलवारी भिंतीवर टांगण्यासाठीच बनवतात. दोष इतकाच, की तसं सांगून कोणी विकत नाही.

खरी जपानी तलवार, म्हणजे कताना, कशी असते? कानशीची आठवण करा. कानशीचं मागचं निमुळतं शेपूट लाकडी मुठीत जातं आणि ते कानशीच्याच लोखंडाचं असतं. कतानाचंही तसंच. पातं आणि शेपूट एकाच पोलादाचं, आणि शेपूट रुंद, मुठीच्या बऱ्याच आतपर्यंत गेलेलं. जपानीत त्याला नाकागो म्हणतात. त्याला आरपार भोक असतं आणि मुठीतून त्या भोकात बांबूची एक खुंटी ठोकलेली असते. ही खुंटी काढली की मूठ, हातरोधक चकती, सगळं सुटं होतं आणि शेपूट उघडं पडतं. जपानी लोहार आपलं नावही तिथेच कोरतो. म्हणजे जी जागा कोणाला दिसत नाही, तिथे तो सही करतो!

म्हणून पहिला नियम असा. विकणाऱ्याला म्हणा, खुंटी काढून शेपूट दाखवा. दाखवलं तर पुढचं बोलणं. "मूठ निघत नाही, चिकटवलेली आहे," असं उत्तर आलं, तर राम राम करून घरी या.

दुसरी गोष्ट पोलादाची. पातं आरशासारखं चकचकीत आणि "कधीच गंजत नाही" असं कोणी सांगितलं, तर ते स्टेनलेस आहे. स्टेनलेस स्वयंपाकघरातल्या सुरीला उत्तम. पण तलवारीएवढ्या लांब पात्यात ते सहसा ठिसूळ ठरतं, हिसका बसला की मोडतं. लोहचुंबक लावून परीक्षा करू नका. सुऱ्यांच्या बऱ्याच स्टेनलेसला तो चिकटतोच. तलवारीला हवं कार्बनचं पोलाद, जे जपलं नाही तर गंजतं. त्यावर १०४५, १०६० असे आकडे सांगतात. त्यातले शेवटचे दोन अंक म्हणजे शेकडा ०.४५ किंवा ०.६० टक्के कार्बन. नवशिक्यासाठी १०४५ ते १०६० हा पल्ला चांगला. कार्बन वाढला की धार जास्त टिकते, पण पातं चुकीला क्षमा कमी करतं. ट्रकच्या कमानपट्ट्याचं स्प्रिंगचं पोलादही तलवारीला छान. आपले लोहार त्याचेच कोयते आणि विळे करतात.

पोलाद चांगलं असून भागत नाही, त्याला पाणी नीट द्यावं लागतं. आपण माणसाला पाणीदार म्हणतो, त्यामागे हीच भट्टी आहे. तापवून लाल केलेलं पातं एकदम थंड केलं की कडक होतं. जपानी लोहार त्याआधी पात्यावर माती लिंपतो, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. त्यामुळे धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन मऊ राहते. कडक धार कापते, मऊ पाठ धक्का सोसते. या दोहोंच्या सीमेवर ढगासारखी पांढुरकी लहर उमटते, तिला हामोन म्हणतात. बाजारात ही लहर तेजाबानं किंवा तारेच्या ब्रशनं काढून देतात. लुगड्याच्या काठावर नक्षी यावी तशी ती ठरावीक अंतरानं एकसारखी दिसली, तर ती वरून काढलेली समजा. स्वस्तात घ्यायची असेल तर सगळीकडे सारखं पाणी दिलेलं, लहर नसलेलं साधं पातं घ्यावं. खोट्या लहरीपेक्षा ते प्रामाणिक.

तिसरी थाप म्हणजे "हजार वेळा घडी घातलेलं पोलाद". जपानी लोहार पोलाद दुमडतो खरा, पण साधारण दहा-पंधरा वेळा. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत १०२४ थर, पंधरा घड्यांत ३२,७६८. हजार घड्या कोण घालणार? आणि दुमडायचं कारण काय? वाळूतल्या लोखंडापासून काढलेल्या त्यांच्या जुन्या पोलादात मळी असायची, कार्बन कमीजास्त असायचा. दुमडून ठोकलं की मळी निघते आणि पोलाद एकजीव होतं. आजच्या कारखान्यातलं पोलाद मुळातच एकजीव असतं. तेव्हा घड्यांसाठी जादा पैसे मोजायचे ते शोभेचे, ताकदीचे नव्हेत.

चौथी गोष्ट तोलाची. म्यान सोडून अशा तलवारीचं वजन साधारण एक ते सव्वा किलो असावं. हातरोधकापुढे चार ते सहा इंचांवर, बोटावर तोलली की ती आडवी स्थिर राहावी. कानाजवळ धरून हलकेच हलवा. खुळखुळ ऐकू आली तर कुठेतरी सैल आहे.

आता कोणी म्हणेल, आपल्या तलवारी सोडून जपानीचं कौतुक कशाला? मलाही आधी तसं वाटलं होतं. पण नागपूरकर पहिले रघूजी भोसले, ज्यांच्या फौजांचे घोडे आपल्या वऱ्हाडात दौडले, त्यांच्या नावाची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनानं घेतली. सगळ्या खर्चासह ४७ लाख १५ हजार रुपये लागले, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचं सरळ, एकधारी पातं युरोपात घडलेलं आहे. त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचं नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब आहे, आणि शेवटी शब्द आहे "फिरंग". परक्या मुलखातलं पोलाद चांगलं म्हणून त्यांनी वापरलं, मूठ मात्र आपल्या पद्धतीची बसवली. चांगलं पोलाद ओळखायला त्यांना लाज वाटली नाही, आपल्याला का वाटावी?

आपल्याकडच्या जुन्या तलवारीची रचना मात्र वेगळी, हे ध्यानात ठेवा. तिचं शेपूट आखूड असतं आणि ते लोखंडी मुठीच्या पोकळीत लाखेसारखा पदार्थ तापवून ओतून बसवतात. म्हणून आजोबांच्या तलवारीचं शेपूट पाहायला मूठ तापवू नका. तिला ग्राइंडरही लावू नका. धारेबरोबर अक्षरं, नक्षी, पोलादातली लहर सगळं जातं आणि पुन्हा येत नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो.

कायद्याचं आणखी थोडं. १८७६ मध्ये जपान सरकारनं सामुराईंना तलवार बाळगून हिंडायला बंदी केली. दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, इंग्रजांनी आपल्याकडे शस्त्र कायदा आणला. आज १९५९ चा कायदा चालतो. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर वगैरे येतात. घरची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. ज्याचा खेळण्यापलीकडे उपयोग होत नाही आणि ज्याचं खऱ्या शस्त्रात रूपांतर करता येत नाही, तेही वगळलेलं आहे. म्हणजे धार नसलेली पोलादी तलवार ही आपोआप खेळणं ठरत नाही, कारण तिला धार लावता येते. परदेशातून मागवायची तर आयातीचा वेगळा परवाना लागतो. शिवाय सणासुदीला किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. तेव्हा रस्त्यानं तलवार नेणं हाच गुन्हा. आपल्या अमरावती-अकोल्यात असे दिवस येऊन गेलेले आहेत. म्हणून पैसे मोजण्याआधी शस्त्र परवान्याचं काम पाहणाऱ्या कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. घरी कुरिअरनं आली म्हणून ती कायदेशीर झाली, असं होत नाही.

मग नवशिक्यानं सुरुवात कुठून करावी? माझं मत, लाकडापासून. जपानी लोक शिकताना तलवारीच्याच आकाराची लाकडी काठी वापरतात, तिला बोकेन म्हणतात. ती थोडक्या पैशांत मिळते आणि हात त्याच वळणाचा होतो. त्यानंतरची पायरी इआइतो. ही जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, मुद्दाम धार न धरणारी सरावाची तलवार. पोलाद त्यानंतर. आणि हात चालवायला शिकायचं असेल तर आपल्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ मध्ये त्यांच्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. शस्त्राला गुरू लागतो, हे तिथल्या मातीत कळतं.

घेतलीच तलवार, तर आपल्या हवेचा विचार करा. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. लाकडी मूठ सुकते, आकसते आणि पावसाळ्यात घट्ट असलेली खुंटी उन्हाळ्यात सैल होते. म्हणून अक्षय तृतीयेला एकदा आणि खंडेनवमीला एकदा खुंटी तपासा, तडकली असेल तर बदला. मृगाचा पाऊस लागला की पात्याला बोटांचे ठसेसुद्धा पुरतात गंजायला. मऊ कापडानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खाण्याचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं. आणि तलवार कुलपात ठेवा. घरात लेकरू असेल तर या सगळ्या यादीत हे पहिलं.

तो तुटलेला गज मी माझ्याकडे ठेवला आहे. कोणी पोरगं मला तलवारीचा फोटो दाखवायला आलं की मी आधी तो त्याच्या हातात देतो. पुतण्या आता लाकडी तलवारीवर सराव करतो. पोलादी घेण्याची त्याला घाई नाही, आणि मला त्याहून नाही.

गेल्या खंडेनवमीला कोहळा वहिनींनी विळीवरच चिरला. विळीचं पातं कमानपट्ट्याचं, गावच्या लोहारानं पाणी दिलेलं, पस्तीस वर्षांचं. चिरून झाल्यावर नातीनं ती धुऊन, पुसून चौरंगावर ठेवली. मी जवळ जाऊन पाटाखालचा खिळा तेवढा हलवून पाहिला. पक्का होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)