कचेरी, सदर आणि पायरी : बारामती-इंदापूरच्या न्यायस्थानांविषयी

न्यायपद्धतीचा इतिहास कायद्यांच्या अनुक्रमाने सांगण्याचा प्रघात आहे. न्याय ज्या जागी बसून दिला जातो त्या जागेकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. मुंबईच्या उच्च न्यायालयासाठी फुलर या अभियंत्याने उभारलेली गॉथिक धर्तीची इमारत १८७८ मध्ये पुरी झाली आणि तिची वर्णने विपुल आहेत. दख्खनच्या कुणब्याचा संबंध मात्र आला तो तालुक्याच्या कचेरीशी. आणि बारामती व इंदापूर या दोन्ही गावी कचेरीने पूर्वीच्या सत्तेच्या वास्तूंतच आपले बिऱ्हाड थाटले. इंदापुरास मालोजीराजे भोसले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गढीवर तहसील कचेरी आली. बारामतीस कऱ्हेकाठच्या बाबूजी नाईकांच्या तटबंद वाड्यात सरकारी कार्यालये नांदली.

त्यापूर्वीच्या न्यायास स्वतंत्र इमारतीची गरजच नव्हती. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व बलुतेदार देवळात किंवा चावडीवर जमत आणि निर्णयाच्या महजरावर कुणबी नांगराची निशाणी करी. सभा जमली तेथे न्यायस्थान झाले.

वाड्याची रचना याहून निराळी. देवडीत पहारा, पुढे चौक, चौकाभोवती ओसऱ्या आणि उंच जोत्यावर लाकडी खांबांची सदर. आत येणाऱ्याने खाली उभे राहावे, मालकाने वर बसावे, हा क्रम बांधणीतच पक्का झालेला असतो. कचेरीला तो आयताच मिळाला. ‘सदर’ हा शब्दही या दृष्टीने लक्षणीय आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ छाती. त्यावरून पुढचा भाग, मानाची जागा. १८६२ पूर्वीच्या ‘सदर अदालती’त तो श्रेष्ठतादर्शक झाला, आणि दप्तरी मराठीत ‘वर उल्लेखिलेला’ या अर्थाने आजही तो प्रत्येक अर्जात भेटतो. (‘सदरहू इसम’ लिहिणाऱ्या कारकुनास वाड्याची सदर आठवत असेल असे नाही!) शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हणही न्यायाधीशाविषयी वा कायद्याविषयी बोलत नाही, ती बोलते पायरीविषयी.

ही भीती निराधार नव्हती. बारामतीकर नाईक हे मूळचे सावकार. बाबूजींचे बंधू आबाजी हे थोरल्या बाजीरावांचे मेहुणे. १७४० मध्ये बाजीरावांच्या मृत्यूनंतर पेशवेपदासाठी खुद्द बाबूजींचे नाव पुढे आले होते. कवी मोरोपंतही याच घराण्याच्या आश्रयास होते. अशा सावकाराच्या तटाआड सरकारने कचेऱ्या आणाव्यात, हा योगायोग खरा. पण तो अर्थशून्य नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर फिर्याद करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता, घडले उलटे. मुदत संपण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्यात येऊ लागला. समन्स हाती पडले तरी कुणबी दूरच्या न्यायालयात हजर होत नसे, आणि हुकूमनामा एकतर्फी होई. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला. त्या उठावात लोकांचा रोख प्रामुख्याने रोखे, खातेवह्या आणि हुकूमनामे यांवर होता. कागद हाती आले की ते जाळण्यात येत. ज्या गोष्टीच्या आधारे आपण पायरीखाली उभे राहतो ती गोष्ट कोणती, हे त्यांनी अचूक ओळखले होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशास रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहण्याचा अधिकार दिला.

इंदापूरची हकीकत जमिनीच्या मोजणीची आहे. प्रिंगल यांची आकारणी रयतेस पेलली नाही, गावे ओस पडली. तेव्हा गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास येथूनच नव्या पाहणीचा आरंभ केला आणि तीच पुढे मुंबई इलाख्याचा नमुना ठरली. सारा मोजणारी कचेरी ही न्यायस्थानही होती. १८७६ च्या व त्यानंतर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने शेताची वाट किंवा पाणी अडविल्याची तक्रार मामलेदारापुढे चालू लागली. दुसरा कायदा आजही लागू आहे. वाट अडलेला शेतकरी त्याच्याच आधारे तहसीलदाराकडे जातो, आणि त्याच्या अर्जाचा प्रारंभही बहुधा ‘सदर जमीन’ या शब्दांनीच होतो.