होडी शाकारणे

पावसाळ्यापूर्वी होडी पाण्याबाहेर काढून, टेकूंवर उभी करून व वरून आच्छादन घालून पुढील हंगामापर्यंत उघड्यावर सुरक्षित ठेवण्याच्या कोकण किनाऱ्यावरील पद्धतीला होडी शाकारणे असे म्हणतात. घराचे छप्पर शाकारणे यातील शब्दच येथे वापरला जातो. थंड हवामानाच्या देशांत हेच काम हिवाळ्यापूर्वी करतात, कारण होडीत साचलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व त्यामुळे फळ्या आणि यंत्राचे भाग फुटतात. कोकणात गोठण्याचे भय नसते. तेथे साचलेले पाणी लाकूड कुजवते.

काळ

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना या बंदीतून सूट असली, तरी हवामानामुळे त्यांपैकी बहुतेक किनाऱ्यावरच राहतात. परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून हंगामाचा आरंभ मानतात. मुंबई बंदरातील क्रीडेच्या लहान शिडाच्या नौकाही याच कारणाने पावसाळ्यात किनाऱ्यावर ठेवतात.

लाकडावर होणारे परिणाम

लाकडी होडीला समुद्रात व जमिनीवर निरनिराळे धोके असतात. समुद्रात टेरेडो हा शिंपल्यांच्या वर्गातील प्राणी लाकूड आतून पोखरतो. होडी पाण्याबाहेर काढून वाळवली की तो मरतो. त्यामुळे किनाऱ्यावरील मुक्काम हा एक प्रकारचा उपचारच ठरतो. खारे पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मात्र प्रतिकूल असते. पावसाचे गोडे पाणी मीठ धुऊन टाकते, आणि लाकडातील ओलावा दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांहून अधिक राहिल्यास बुरशीची वाढ होऊ शकते. फळ्यांचे सांधे, फासळ्यांखालच्या फटी व होडीच्या टोकाकडील बंदिस्त जागा प्रथम कुजतात. बाहेरून रंग चांगला दिसत असतानाही आतील लाकूड भुसभुशीत झालेले असू शकते.

साचलेल्या पाण्याचे वजन हा दुसरा धोका आहे. १ चौरस मीटर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडल्यास १ लिटर पाणी जमते. १० चौरस मीटर उघड्या होडीत १०० मिलिमीटर पावसाने १,००० लिटर, म्हणजे १ टन पाणी साचते. हा भार टेकूंवर येऊन होडीचा आकार बिघडतो.

पद्धत

अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीत होडी शक्य तितकी वर आणतात व लाकडी ओंडक्यांवरून भरतीरेषेपलीकडे ओढतात. मोठ्या नौकांसाठी क्रेन वापरतात. शीड, डोलकाठी, सुकाणू, जाळी व इंजिनाचे सुटे होणारे भाग काढून कोरड्या जागी ठेवतात. तळ खरवडून शंख-शिंपले व शेवाळ काढतात आणि होडी आतूनबाहेरून धुतात.

होडीचा भार तळातील कण्याखालच्या ओंडक्यांवर असावा. बाजूचे टेकू केवळ ती कलू नये यासाठी असतात. एक टोक किंचित उंच ठेवून निचऱ्याचे भोक उघडे ठेवतात. लहान होड्या पालथ्या घालून ठेवल्यास पाणी साचतच नाही. मात्र त्या जमिनीला टेकू नयेत.

आच्छादनासाठी पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप वापरत. आता ताडपत्री किंवा प्लास्टिक वापरतात. झापांतून हवा खेळती राहते. प्लास्टिक होडीला घट्ट गुंडाळल्यास आत दमटपणा कोंडतो व पाऊस न लागताही लाकूड कुजते. म्हणून मध्यभागी आडवा वासा बांधून उतरते छप्पर करतात व दोन्ही टोके उघडी ठेवतात. फायबरच्या होड्यांनाही हे आवश्यक आहे, कारण त्यांच्या आतील लाकडी भागांत पाणी मुरू शकते.

नदीकाठच्या होड्या

नदीत भरतीरेषेऐवजी पूररेषा महत्त्वाची ठरते. ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळून वाहणाऱ्या भातसा नदीची पातळी पावसाबरोबरच वरच्या बाजूच्या भातसा धरणातील विसर्गानेही वाढते. अशा ठिकाणी होडी पूररेषेच्या वर नेऊन झाडाला किंवा पक्क्या खुंटाला बांधावी लागते, कारण रिकामी होडी पुरात सहज तरंगून वाहून जाते.

इतिहास

रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्र' या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण असून त्यात पावसाळ्यातील आरमाराच्या छावणीचाही विचार केला आहे.

पुन्हा पाण्यात उतरवणे

हंगामापूर्वी टोकदार हत्याराने टोचून कुजलेल्या फळ्या शोधतात व बदलतात. वाळल्याने उघडलेल्या सांध्यांत कापूस भरून ते राळ व तेलाच्या मिश्रणाने बुजवतात. लाकडाला शार्क माशाच्या यकृताचे किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची पद्धत आहे. पाण्यात उतरवल्यावर लाकूड फुगून बारीक फटी मिटेपर्यंत होडीत थोडे पाणी येते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत होडी किनाऱ्याजवळ ठेवून पाणी उपसत राहतात. त्यानंतरही गळती थांबली नाही, तर ती समुद्रात नेण्यापूर्वी पुन्हा वर काढावी लागते.