अंतर्गत रिपॉझिटरी लावली, म्हणजे बाहेरची वाट बंद झाली?

‘आमच्याकडे नेक्सस आहे, त्यामुळे बिल्डमध्ये बाहेरचं काही येऊच शकत नाही.’ सॉफ्टवेअर टीमच्या बैठकांत आणि सुरक्षा ऑडिटच्या उत्तरांत हे वाक्य इतक्या खात्रीने येतं की पुढचा प्रश्न विचारायला कुणी धजत नाही. नेक्ससच्या जागी आर्टिफॅक्टरी म्हणा किंवा दुसरा कुठला सर्व्हर म्हणा. वाक्य तेच राहतं आणि चूकही तीच. अंतर्गत रिपॉझिटरी म्हणजे लायब्रऱ्या ठेवण्याची आणखी एक जागा. बिल्ड टूलला ती जागा दाखवली, म्हणजे बाकीच्या जागा त्याने विसरायच्या असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. घरात नवा नळजोड घेतला म्हणून जुन्या नळाचं पाणी थांबत नाही. तो वेगळा बंद करावा लागतो.

मेव्हनचंच घ्या. मेव्हनच्या प्रत्येक प्रकल्पाची पॉम फाइल एका ‘सुपर पॉम’पासून वारसा घेते आणि त्या सुपर पॉममध्ये ‘सेंट्रल’ या नावाने मेव्हन सेंट्रलचा पत्ता आधीच लिहिलेला असतो. आपल्या पॉममध्ये कंपनीच्या रिपॉझिटरीचा पत्ता घातला की यादीत एक ओळ वाढते, सेंट्रलची ओळ जात नाही. आतल्या सर्व्हरवर एखादी लायब्ररी सापडली नाही की मेव्हन निमूटपणे सेंट्रलकडे जातो. एवढंच नाही, आपण घेतलेल्या एखाद्या लायब्ररीच्या पॉममध्ये तिसऱ्याच रिपॉझिटरीचा पत्ता असेल, तर त्या लायब्ररीच्या पुढच्या अवलंबनांसाठी मेव्हन तिथेही विचारणा करतो. ग्रेडल एवढं तरी करत नाही. तो आपल्या बिल्डमध्ये जाहीर केलेल्याच रिपॉझिटऱ्या पाहतो. पण तिथेही जाहीर केलेली प्रत्येक रिपॉझिटरी यादीत असते, आणि यादीत असलेल्या कुठूनही माल येऊ शकतो.

‘पण यादीत आमचा सर्व्हर पहिला आहे ना?’ हा पहिला आक्षेप, आणि तो अर्धाच खरा आहे. आवृत्ती ठरलेली असेल तर ग्रेडल क्रमाने विचारतो आणि पहिल्यांदा जिथे ती सापडते तिथे थांबतो. पण कुणी आवृत्तीच्या जागी ‘१.+’ लिहिलं, की तो सगळ्या रिपॉझिटऱ्यांतल्या आवृत्त्या गोळा करतो आणि त्यातली सर्वांत वरची निवडतो. पायथनच्या पिपमध्ये तर क्रम नावाची गोष्टच नाही. ‘एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल’ हा पर्याय वापरून कंपनीचा सर्व्हर जोडला, की पिपच्या दृष्टीने तो आणि सार्वजनिक पायपीआय हे दोघे समान, आणि ज्याच्याकडे वरची आवृत्ती त्याचं पॅकेज बसतं. पिपच्या अधिकृत दस्तावेजात या पर्यायाबद्दल इशारा छापलेला आहे. तरीही अंतर्गत सर्व्हर जोडायचा म्हटलं की बहुतेकांचा हात पहिला याच पर्यायाकडे जातो.

याचा अर्थ काय होतो, ते अ‍ॅलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावं चुकून सार्वजनिक झालेल्या फाइलींत सापडतात. बिर्सानने त्याच नावांची पॅकेजं एनपीएम, पायपीआय आणि रुबीजेम्सवर चढवली आणि वाट पाहिली. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि पेपालसह ३५हून अधिक कंपन्यांच्या आतल्या यंत्रांवर त्याचा कोड चालला. या शोधाबद्दल त्याला मिळालेली बक्षिसं १,३०,००० डॉलरच्या वर गेली. या कंपन्यांकडे अंतर्गत रिपॉझिटऱ्या नव्हत्या असं नाही. होत्या म्हणून तर ती अंतर्गत नावं अस्तित्वात होती. हल्ल्याचा कच्चा माल अंतर्गत पॅकेजच असतो, हे ‘आमच्याकडे नेक्सस आहे’ म्हणणाऱ्यांच्या लक्षात का येत नाही कोण जाणे.

बिर्सान निदान परवानगीच्या चौकटीत काम करत होता. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चच्या वाट्याला आला तो खरा हल्ला. पायटॉर्चची रोजची ‘नाइटली’ बांधणी ‘टॉर्चट्रायटन’ नावाच्या पॅकेजवर अवलंबून होती, आणि ते फक्त पायटॉर्चच्या स्वतःच्या इंडेक्सवर होतं. पायपीआयवर ते नाव मोकळं होतं. कुणीतरी ते घेतलं आणि २५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान लिनक्सवर पिपने नाइटली बसवणाऱ्यांच्या यंत्रांत खऱ्याऐवजी हे तोतया पॅकेज गेलं. ते एसएसएचच्या किल्ल्या आणि होम डिरेक्टरीतल्या फाइली वाचून डीएनएसच्या विचारणांतून बाहेर पाठवत होतं. पायटॉर्चने मग आपल्या पॅकेजचं नाव बदललं आणि नवं नाव पायपीआयवर स्वतःच अडवून ठेवलं. तिथे इंडेक्स कंपनीच्या आतला नव्हता, सार्वजनिकच होता. पण यंत्रणा तीच, दोन जागा आणि एक नाव.

‘हे पायथन आणि जावास्क्रिप्टवाल्यांचं दुखणं, आम्ही जावावाले.’ या म्हणण्यात तथ्य आहे. मेव्हन सेंट्रलवर एखाद्या ग्रुप आयडीखाली काही चढवायचं तर त्या आयडीमागचं डोमेन आपलं असल्याचं डीएनएस नोंदीतून सिद्ध करावं लागतं, त्यामुळे तिथे तोतयेगिरी बरीच अवघड आहे. पण हे संरक्षण त्या डोमेनच्या मालकाचं आहे. जुन्या प्रकल्पात कुणीतरी सहज सुचलं म्हणून लिहिलेल्या ग्रुप आयडीचं डोमेन, किंवा नूतनीकरण न केलेलं डोमेन, उद्या दुसरा कुणी विकत घेऊ शकतो. शिवाय यादीत सेंट्रलखेरीज ज्या रिपॉझिटऱ्या आहेत, त्यांचे नियम इतके कडक असतीलच असं नाही.

जाणकारांचा आक्षेप याहून वजनदार असतो: ‘आम्ही सेटिंग्ज फाइलमध्ये मिरर लावला आहे, मिररऑफला तारांकन दिलं आहे, सगळ्या मागण्या नेक्ससकडेच जातात.’ उत्तम. हे करायलाच हवं, कारण सुपर पॉममधला सेंट्रल आणि परक्या पॉममधले पत्ते यानेच एका ठिकाणी वळतात. पण तो मिरर बहुधा एका ‘ग्रुप’ रिपॉझिटरीकडे जातो, आणि त्या ग्रुपमध्ये आपली होस्टेड रिपॉझिटरी आणि बाहेरच्यांच्या प्रॉक्सी एकत्र बसलेल्या असतात. म्हणजे दोन जागा आणि एक नाव हा प्रश्न सुटला नाही, फक्त डेव्हलपरच्या लॅपटॉपवरून सर्व्हरवर गेला. होस्टेडमध्ये नाव नसेल तर प्रॉक्सी बाहेर विचारायला जाणारच. तिचं कामच ते आहे. म्हणून सर्व्हरवर नियम हवा की आपल्या नावांच्या मागण्या प्रॉक्सीने बाहेर न्यायच्या नाहीत. नेक्ससमध्ये त्याला राउटिंग रूल म्हणतात, आर्टिफॅक्टरीत रिमोट रिपॉझिटरीवर एक्सक्लूड पॅटर्न लावता येतो.

ग्रेडलमध्ये हेच बिल्ड फाइलमध्ये लिहिता येतं, आणि इथे एक चूक फार होते. कंपनीच्या रिपॉझिटरीच्या ‘कंटेंट’ भागात ‘इन्क्लूडग्रुप’ लिहून आपला ग्रुप दिला, की लोक निश्चिंत होतात. त्या ओळीचा अर्थ एवढाच की या रिपॉझिटरीत फक्त हा ग्रुप शोधा. हा ग्रुप फक्त याच रिपॉझिटरीत शोधा, असं ती ओळ म्हणत नाही. बाकीच्या रिपॉझिटऱ्यांना तो विचारला जाऊ शकतोच. दुसरं वाक्य हवं असेल तर ग्रेडल ६.२ पासून मिळालेलं ‘एक्सक्लूझिव्हकंटेंट’ वापरावं लागतं. एनपीएममध्ये ‘@’ने सुरू होणारा स्कोप एका ठरावीक रजिस्ट्रीला बांधता येतो, तो स्कोप सार्वजनिक रजिस्ट्रीवरही आपल्या नावावर नोंदवून ठेवावा. पिपला एकच ‘इंडेक्स-यूआरएल’ द्यावा, एक्स्ट्रा नको.

लॉक फाइल आणि चेकसम आहेत म्हणून हे सारं अनावश्यक, असंही ऐकू येतं. लॉक फाइल काल निवडलेली गोष्ट आज बदलू देत नाही. काल चुकीची निवडली असेल तर तीच इमानाने जपते, आणि नवं अवलंबन जोडताना निवड पुन्हा नव्याने होते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘आतल्या नेटवर्कवर एचटीटीपी चालतं’: मेव्हन ३.८.१ पासून साध्या एचटीटीपीवरच्या बाहेरच्या रिपॉझिटऱ्या मुळातच अडवल्या जातात, आणि मेव्हनच्या लेखी इंट्रानेटवरचा सर्व्हरही लोकलहोस्ट नसल्याने बाहेरचाच. ‘लायब्रऱ्या वळवल्या म्हणजे झालं’: ग्रेडलचे प्लगइन वेगळ्या ‘प्लगइनमॅनेजमेंट’मधून येतात आणि न सांगितल्यास थेट प्लगइन पोर्टलवरून. ‘मेव्हनलोकल, म्हणजे आपल्याच यंत्रावरची रिपॉझिटरी, यादीत वर ठेवली की बिल्ड वेगवान’: आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर निराळं. ‘सार्वजनिक रिपॉझिटरी कुठे जाते?’: जेसेंटर ही सार्वजनिक रिपॉझिटरी बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली, आणि २०१६ च्या मार्चमध्ये एनपीएमवरून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतल्यावर जगभर बिल्ड कोसळले.

आपलं काय चाललं आहे ते तपासायला अर्धा तास पुरतो. आधी बिल्डच्या यंत्रावरचा कॅशे रिकामा करा, अंतर्गत सर्व्हर सोडून बाहेरचं सगळं नेट बंद करा आणि बिल्ड चालवा. जिथे अडेल तो पत्ता अजून थेट बाहेर जात होता. मग कंपनीच्या ग्रुपखालचं, अस्तित्वात नसलेलं एखादं नाव मागा आणि सर्व्हरचा लॉग उघडा. ते नाव सेंट्रलला, एनपीएमला किंवा पायपीआयला विचारलेलं दिसलं, तर राउटिंग रूल आजच लावा.